बीसीएच्या गणिताची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मी पंचवटीत राहते. बारावी वाणिज्य शाखेतून, गणित न घेता उत्तीर्ण झाले आणि यंदा नाशिकमध्येच बीसीएला प्रवेश घेतला. संच, विधाने, सत्यता सारणी, संबंध हे सगळे एकदम अंगावर आले आहे. छोटे प्रोग्रॅम मला जमतात; मग हे गणित कशासाठी, आणि पाया कच्चा असताना सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात विधानांपासून, म्हणजे खरे की खोटे ठरवता येते अशा वाक्यांपासून, करा. त्यासाठी बारावीचे गणित लागत नाही. लागते ती ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्द जपून वापरण्याची सवय. घरी ‘पोहे किंवा उपमा’ म्हटले की आपण दोहोंपैकी एकच धरतो; गणितातल्या ‘किंवा’मध्ये मात्र दोन्ही खरे असले तरी चालते. पहिल्या वर्षातल्या बऱ्याच चुका इथेच होतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडच्या द्राक्षांचेच उदाहरण घेऊ. समजा, साखर 18 ब्रिक्स (रसातली साखर मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक आणि मण्याचा व्यास 16 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तरच घड पेटीत भरायचा आहे. आता नाकारण्याची अट लिहा. बहुतेक विद्यार्थी ‘साखर 18 पेक्षा कमी आणि व्यास 16 पेक्षा कमी’ असे लिहून मोकळे होतात. या अटीने 20 ब्रिक्सचा, पण 14 मिलिमीटर मण्यांचा घड नाकारला जात नाही, आणि प्रोग्रॅम कुठलीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर देत राहतो. चार ओळींची सत्यता सारणी, म्हणजे दोन्ही अटी खऱ्या-खोट्या असण्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता, मांडली, तर भरण्याची अट एकाच ओळीत खरी ठरते, म्हणून नाकारण्याची अट उरलेल्या तिन्ही ओळींत खरी ठरायला हवी. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घातल्यावरच ते जुळते. हाच डी मॉर्गन यांचा नियम. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म 1806 मध्ये आपल्या मदुराईचा, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.)

हे गणित कशासाठी, याचे उत्तर इतिहासातही आहे. जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित 1854 च्या ग्रंथात सविस्तर मांडले, तेव्हा संगणक नव्हता. 1937 मध्ये क्लॉड शॅनन यांनी पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिले की, रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि स्विचचे मंडल, म्हणजे सर्किट, याच बीजगणिताने मांडता व सोपे करता येते. तुमच्या संगणकातली तार्किक मंडले आजही त्याच पायावर उभी आहेत.

विधाने पक्की झाली की संच अवघड जात नाहीत, कारण छेद म्हणजे ‘आणि’, संयोग म्हणजे ‘किंवा’. त्यानंतर संबंध, म्हणजे संचांतल्या घटकांच्या जोड्या, घ्या. डेटाबेसमधल्या तक्त्यांची कल्पना तिथूनच आली आहे. सूत्रे पाठ करण्याची घाई नको. या आठवड्यात वरच्या उदाहरणात ‘मणी तडकलेला नाही’ ही तिसरी अट घाला, आठ ओळींची सारणी स्वतःच्या हाताने वहीत मांडा, आणि नाकारण्याची अट त्यातल्या सात ओळींत खरी ठरते का ते तपासा.