चान्स घेण्याआधीचे तीन महिने

मूल हवं असलेल्या जोडप्यांच्या प्रश्नांसाठी या वेळची पानं राखली आहेत. पत्रं बहुतेक बायकांची आहेत आणि प्रश्नही स्वतःच्याच शरीराबद्दलचे. तयारी मात्र दोघांनी करायची असते. शक्य असेल तर उत्तरं दोघांनी मिळून वाचा.

लग्नाला दोन वर्षं झाली. मी २७, हे ३०. दिवाळीनंतर चान्स घ्यायचं ठरवलंय. आधी काही तपासण्या, गोळ्या लागतात का, की दिवस गेल्यावरच डॉक्टरकडे जायचं? (चाकण)

आधीच जा, आणि निदान तीन महिने आधी. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा दिसायला तीन महिने जावे लागतात. तुमच्या बाजूने घाई आहे ती फॉलिक ॲसिडची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पाळी चुकली, मग डॉक्टरकडे गेलो, मग गोळी सुरू केली, असं केलं तर ती गोळी या कामाला उशिरा पोचते.

मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. चान्स घेण्याच्या निदान एक महिना आधीपासून, शक्यतो तीन, आणि गर्भारपणाचे पहिले बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. औषधाच्या दुकानात नुसतं 'फॉलिक ॲसिड द्या' म्हटलं की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात येते. ती साडेबारा पट आहे. ती लागते, पण काही जणींनाच: आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा दोष होता, मधुमेह आहे, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत किंवा वजन बरंच जास्त आहे, अशांना, आणि तीही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. मोठ्या मात्रेमुळे ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता झाकली जाऊ शकते. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते, म्हणून तुम्ही शाकाहारी असाल तर ब१२ तपासून घ्या.

तपासण्या एकाच फेरीत होतात: हिमोग्राम, रक्तगट, साखर, थायरॉइडची टीएसएच, रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्ती, आणि दोघांचीही एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सिफिलिसची तपासणी. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्या, पण लशीनंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. पाळी चालू असलेल्या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा 'मला काही होत नाही' म्हणून ही तपासणी सोडू नका. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत निदान तासाभराचं अंतर ठेवा.

एक तपासणी मात्र हटकून राहून जाते. हिमोग्लोबिनची एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आईबापांकडून येणारे रक्ताचे आजार तिच्यात कळतात. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी भागांत सिकलसेलचं, तर सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे. वाहक, म्हणजे आजाराचा दोष एकाच पालकाकडून आलेला माणूस, ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आयुष्यात एकदाच करायची तपासणी आहे. आधी एकाची करा, तो वाहक निघाला तर दुसऱ्याची करावीच लागेल.

आणि तंबाखू. गुटखा, सिगारेट यांबद्दल सगळे बोलतात, मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही. दात घासायच्या निमित्ताने लावलेली मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे आणि त्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं. ती आत्ताच बंद करा. चहा दिवसाला दोन-तीन कप चालतो.

माझी पाळी कधी २७ तर कधी ३१ दिवसांनी येते. ॲप सांगतं की चौदावा दिवस महत्त्वाचा. आम्ही सहा महिने त्याच दिवसाची वाट बघतोय. घरात नुसता ताण. (कोल्हापूर)

चौदावा दिवस २८ दिवसांच्या पाळीचा. बीजांड बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण १४ दिवस. कमी-जास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणून मोजायचं ते मागून. २७ दिवसांच्या पाळीत बीजांड सुमारे तेराव्या दिवशी सुटतं, ३१ दिवसांच्या पाळीत सतराव्या. दिवस मोजताना रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस धरा. आदल्या दिवशीचा नुसता डाग मोजू नका.

आता दुसरा भाग. बीजांड १२ ते २४ तासच टिकतं, पण शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे दिवस राहण्याची शक्यता असते ती बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस. त्यातही आधीचे दोन दिवस सगळ्यांत चांगले. नेमक्या दिवसाची वाट बघत थांबणारी जोडपी बरेचदा उशीरच करतात. तुमच्या बाबतीत आठव्या दिवसापासून अठराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध आले की सगळी शक्यता झाकली जाते. हिशेब नकोच वाटत असेल तर महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी. परिणाम जवळपास तोच आणि डोक्याला ताप नाही. आमचं मत विचाराल तर पहिले सहा महिने हाच मार्ग बरा.

'वीर्य साठवून ठेवायचं' म्हणून आठ-दहा दिवस लांब राहणं उलट अंगाशी येतं. साठलेले शुक्रजंतू जुने होतात, त्यांची हालचाल मंदावते.

शरीराची खूण बघायची असेल तर स्राव बघा. बीजांड सुटायच्या आधी पांढरा स्राव पातळ, निसरडा, अंड्यातल्या कच्च्या पांढऱ्या बलकासारखा होतो; दोन बोटांत धरला तर तार येते. ते दिवस चुकवू नका. लघवीवर करायची एलएच पट्टी (बीजांड सुटण्याआधी वाढणारं एलएच हे संप्रेरक दाखवणारी) दुपारी वापरा, आधीचे दोन तास फार पाणी पिऊ नका, आणि तपासणीची रेघ नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच ती पॉझिटिव्ह समजा. फिकी रेघ मोजायची नाही. पॉझिटिव्ह आल्यावर २४ ते ३६ तासांत बीजांड सुटतं, म्हणून तो दिवस आणि दुसरा दिवस. रोज सकाळी तापमान घ्यायची पद्धत आम्ही सुचवत नाही: तापमान चढतं ते बीजांड सुटून गेल्यावर, आणि तोवर वेळ गेलेली असते.

संबंधानंतर पाय भिंतीला लावून पडण्याची गरज नाही. थोडं वीर्य बाहेर येतंच, त्याने बिघडत नाही. कोरडेपणासाठी थुंकी किंवा बाजारातली जेली मात्र टाळा, दोन्हींनी शुक्रजंतूंची हालचाल मंदावू शकते.

दोन वर्षं प्रयत्न करतोय. माझ्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, नळ्यांचा एक्स-रे सगळं झालं, सगळं नॉर्मल. मिस्टर तपासणीला तयार नाहीत. सासूबाई म्हणतात, 'आमच्या घरात पुरुषांत दोष नाही.' (सांगली)

तुमची कळ आम्हाला समजते. आणि क्रमच उलटा झालाय. मूल न राहणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने. वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त, न दुखणारी, तासाभरात आटोपणारी. गर्भनलिकांच्या एक्स-रेला ज्या कळा सोसाव्या लागतात त्या सोसायच्या आधी ही तपासणी व्हायला हवी होती. संबंध नीट होतात म्हणजे शुक्रजंतू पुरेसे आहेत, असं ठरत नाही. वीर्यातला शुक्रजंतूंचा वाटा इतका थोडा असतो की ते शून्य असले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. हे वाक्य मिस्टरांना वाचून दाखवा.

तपासणीच्या आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना हस्तमैथुनानेच, लॅबने दिलेल्या डबीत. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही. साधा निरोध वापरला तर त्यातल्या रसायनाने शुक्रजंतू मरतात आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. पहिले थेंब सांडले तर तसं लॅबला सांगायचं, कारण सर्वाधिक शुक्रजंतू त्यातच असतात. घरून आणायचं असेल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवून अर्ध्या-पाऊण तासात पोचवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हालचाल करणारे ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे ३० टक्के, आणि योग्य आकाराचे अवघे ४ टक्के. हा शेवटचा आकडा बघून पुष्कळ जण घाबरतात. चार टक्के म्हणजे नापास नव्हे. एकच रिपोर्ट वाईट आला तर निष्कर्ष काढू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप, डेंग्यू, टायफॉइड झाला असेल तर आकडे पडतात. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

मिस्टर भट्टीसमोर, बेकरीत किंवा इंजिनाजवळ काम करतात का, गुटखा खातात का, हे डॉक्टरांना सांगा. जिममध्ये 'बॉडी'साठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर शुक्रजंतूंची निर्मिती पार बंद पाडू शकतं. हे कारण नवरे बायकोसमोर सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांशी एकट्याने बोलायची मुभा द्या.

पहिलं सिझर, मुलगी सव्वा वर्षाची. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यायचे, ते थांबवलं. तीन महिने झाले, पाळीच नाही. कायमचं बिघडलं का? (नाशिक जिल्हा)

नाही. अंतराचा परिणाम ओसरायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने जातात. एकदा घरी गर्भतपासणी मात्र करून घ्या, कारण पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. आणि तसंही घाई नको: सिझरनंतर पुन्हा दिवस राहण्यात निदान दीड वर्ष, शक्यतो दोन वर्षांचं अंतर हवं, नाहीतर जुन्या टाक्यावर ताण येतो. तोवर निरोध वापरा. तांबी काढल्यावर किंवा रोजच्या गोळ्या थांबवल्यावर असं थांबावं लागत नाही, लगेच पुढच्या महिन्यातही दिवस राहू शकतात.

वय ३१, उंची १५५ सेंमी, वजन ७४. पीसीओडी आहे, पाळी दोन-अडीच महिन्यांनी. एलएच पट्टी सारखी पॉझिटिव्ह येते, तरी काही नाही. (ठाणे)

पीसीओडीत, म्हणजे बीजांड नियमित सुटत नाही अशा विकारात, एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी फसवते. ते पैसे वाचवा. वजन ५ ते १० टक्के, म्हणजे तुमचं चार ते सात किलो, उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप सुधारते. उपास नको; जेवणात भाताची वाटी कमी करून उसळ, अंडं किंवा ताक वाढवा, आणि आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चाला. पण अशा पाळीत वर्षभर थांबायचं नसतं, डॉक्टरांना आत्ताच भेटा. बहुधा लेट्रोझोल पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस देतात आणि सोनोग्राफीवर बीजांड वाढतंय का ते बघतात. मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून ही गोळी घेऊ नका. तुमच्या वजनाला फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम लागेल का, तेही विचारा.

वय ३६. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. ती सोडून मग चान्स घेऊ का? (नागपूर)

स्वतःहून सोडू नका, बदलून घ्या. टेल्मिसार्टन आणि त्या गटातल्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. लॅबेटालोल किंवा निफेडिपिन यांवर बीपी स्थिर झालं की मग प्रयत्न सुरू करा. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन, फिट्सची व्हॅल्प्रोएट, संधिवाताची मेथोट्रेक्सेट यांचंही हेच, डॉक्टरांना आधी सांगा. फिट्सची गोळी अचानक बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून मग तपासण्या; तुम्ही सहा महिनेच थांबा.

मुलगा व्हावा म्हणून नणंदेने एक पुडी आणून दिलीय, दिवस गेल्यावर दीड महिन्याने गायीच्या दुधातून घ्यायची. नुकसान तर नाही ना? (बीड)

आहे. फेकून द्या. बाळाचं लिंग गर्भ राहतो त्याच क्षणी पुरुषाच्या शुक्रजंतूवरून ठरतं. दीड महिन्यानंतर कुठलीही पुडी ते बदलू शकत नाही. त्या दिवसांत बाळाचे अवयव मात्र घडत असतात. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी औषधं घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगं जास्त आढळली. गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणारं राज्य महाराष्ट्र आहे. इथे ही पुडी दारोदार फिरावी याचं आम्हाला दुःख होतं.

घरी तपासणी कधी आणि कशी करायची? गेल्या महिन्यात फिकी रेघ आली आणि चार दिवसांनी पाळी आली. (पणजी)

पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर. कार्डाच्या खळगीत पाकिटावर सांगितलेले तितकेच थेंब टाका, पाच मिनिटांनी वाचा. दहा मिनिटांनंतर उमटलेली राखाडी रेघ लघवी वाळल्याची असते, ती धरू नका. वेळेत आलेली फिकी गुलाबी रेघ खरी. ४८ तासांनी पुन्हा करा, गडद व्हायला हवी. तुमच्यासारखं होतं तेव्हा गर्भ फार लवकर थांबलेला असू शकतो. हे नेहमी घडणारं आहे, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, आणि पुढच्या पाळीत पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. पण तपासणी पॉझिटिव्ह असताना ओटीपोटात एका बाजूला कळ येत असेल, डाग जात असतील, खांदा दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच वेळी सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात जा.