प्रत्येक कॅन्सरचं जनुक ठरलेलं असतं का?

तुम्ही विचारलंय की आईला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय, तिने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही आणि रिपोर्टमध्ये 'ईजीएफआर म्युटेशन' आलंय. शेजारच्या बेडवरच्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, त्यांच्या रिपोर्टमध्ये मात्र 'के-रास'. ईजीएफआर आणि के-रास ही दोन्ही जनुकांची नावं, आणि म्युटेशन म्हणजे जनुकातला बदल. मग प्रत्येक कॅन्सर आपापलं जनुक निवडतो की काय?

मी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये नोकरी करते. असे रिपोर्ट ज्या नमुन्यांवरून निघतात, ते रोज माझ्या हातात असतात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला येतो. त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. पॅथॉलॉजिस्ट मॅडम गाठीभोवती पेनाने गोल काढून देतात. तेवढाच भाग ब्लेडने खरवडायचा आणि त्यातून डीएनए काढायचा. तुमचा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'निवडतो' हा शब्द आधी बाजूला ठेवू. चुका सगळ्याच पेशींच्या डीएनएमध्ये होत असतात. त्यातली कुठली रुजणार, हे ती पेशी कुठल्या अवयवाची आहे यावर ठरतं. ठाण्याच्या खाडीत भरतीबरोबर नाना तऱ्हेच्या बिया वाहून येतात, पण त्या खाऱ्या चिखलात तिवरच मूळ धरतं. तसंच हे.

अर्थात चूक कशामुळे झाली, त्याचीही खूण राहते. तंबाखूच्या धुरातल्या रसायनांमुळे डीएनएमधल्या 'जी' या अक्षराच्या जागी बहुतेकदा 'टी' येतं. म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसात के-रासचा 'जी१२सी' हा बदल जास्त सापडतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त जणांत के-रासच बिघडलेलं असतं, पण तिथे 'जी१२डी' जास्त. जनुक एकच, मोडायची तऱ्हा वेगळी. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृतात पी५३ या, पेशीच्या बेफाम वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाच्या एका ठरावीक जागीच घाव घालतं.

पण नुसत्या घावाने कॅन्सर होत नाही. काकांचं आतडंच घ्या. मोठ्या आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूळपेशी असतात, त्यांच्यापासून नव्या पेशी बनतात, वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत काठाशी पोचून गळून पडतात. तळाशी 'वाढत राहा' असा निरोप सतत चालू असतो. पेशी वर जाताना एपीसी हे जनुक तो निरोप बंद करतं. एपीसी बिघडलं की पेशी काठाशी आली तरी तो निरोप तिच्यात चालूच राहतो. ती गळत नाही, वाढतच बसते. त्यातून आधी छोटा कोंब होतो, त्याला पॉलिप म्हणतात, आणि काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. आतड्याच्या सुमारे ८० टक्के कॅन्सरमध्ये एपीसी बिघडलेलं सापडतं. फुफ्फुसात ही खळग्यांची रोजची उलथापालथच नाही, त्यामुळे तिथे याच बिघाडाला तेवढा वाव मिळत नाही.

मग काकांच्या रिपोर्टमध्ये के-रास कसं? कारण औषध ठरवायला ते तपासावंच लागतं. के-रास बिघडलं असेल तर आतड्याच्या कॅन्सरवरची काही इंजेक्शनं लागू पडत नाहीत. सुरुवात बहुधा एपीसीने झालेली असते, के-रासचा घाव मागून बसतो. जे तपासलं तेच रिपोर्टमध्ये छापून येतं, हे लॅबमध्ये बसून मला फार जाणवतं.

आता तुमच्या आईंबद्दल. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये फुफ्फुसाच्या निरोगी भागाचे नमुने तपासले. त्यातल्या १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचा बदल आधीच होता, कॅन्सर नसताना! हवेतल्या बारीक धुळीने फुफ्फुसाला सूज आली की या गप्प बसलेल्या पेशी वाढायला लागतात, असं त्यांना उंदरांत दिसलं. ईजीएफआर हा मुळात पेशीच्या पृष्ठभागावरचा, बाहेरून येणारा वाढीचा निरोप घेणारा भाग. श्वासनलिकेचं अस्तर जखम भरून काढायला तोच वापरतं. तो चालू अवस्थेतच अडकला, तर त्या पेशीला बाहेरच्या निरोपाची गरजच उरत नाही. हा बदल आपल्याकडे आणि पूर्व आशियात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो, आणि तंबाखूला न शिवलेल्यांत अधिकच. तेव्हा आईंनी काहीतरी लपवलं असेल ही शंका मनातून पूर्ण काढून टाका.

माझ्या मामाला गालाच्या आत कॅन्सर झाला, वर्षानुवर्षं जिथे तो तंबाखू-चुन्याची गोळी धरायचा अगदी तिथेच. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पी५३ बऱ्याचदा मोडलेलं असतं. उलट गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये ते सहसा शाबूत असतं, कारण तिथे एचपीव्ही विषाणूचं एक प्रथिन पी५३चं प्रथिनच नष्ट करतं. काम आधीच झालेलं असल्यावर जनुक मोडून पेशीला वेगळा फायदा काय? जनुकाकडे एकटं पाहून चालत नाही, हे मला या उदाहरणाने सगळ्यात नीट कळलं. अवयव बदलला की औषधही बदलतं. बी-राफ नावाचं एक जनुक आहे. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये त्याचा बदल रोखणारी गोळी चांगली चालते, पण तोच बदल आतड्यात असेल तर एकट्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. तिथल्या पेशी ईजीएफआरच्या वाटेने पुन्हा निरोप चालू करतात, म्हणून ती वाटही बंद करावी लागते.

रिपोर्टमध्ये 'एक्झॉन १९ डिलीशन' किंवा 'एल८५८आर' लिहिलंय का, तेवढं बघा. ईजीएफआरचे बहुतेक बदल या दोनपैकीच असतात आणि दोन्हींवर तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत. हे पान घेऊन डॉक्टरांना स्पष्ट विचारा की गोळी कधी सुरू करायची. हा बदल जवळजवळ नेहमी गाठीपुरताच असतो, जन्मतः आलेला नसतो. त्यामुळे तो तुमच्यात किंवा भावंडांत उतरला असेल, ही काळजी करू नका.