फोटोग्राफरचं नाव दिलं, की त्याच्या फोटोवरून काढलेलं चित्र विकता येतं का?

नाही. नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं.

प्रश्न वर्मी लागला म्हणून सविस्तर लिहितोय. मी वारीत फोटो काढतो. दिवे घाटात पाऊस उघडल्यावर एक आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून कठड्याला टेकल्या होत्या. वृंदावनाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली. त्यांना विचारून फोटो काढला, पत्ता घेऊन प्रिंट घरी पाठवली. पुढे पुण्यात एका प्रदर्शनात तोच फोटो ॲक्रिलिक रंगांत काढून टांगलेला, शेजारी लाल ठिपका, म्हणजे विकलासुद्धा! चिंधीची गाठ तीच. माझ्या फ्रेमच्या डाव्या कडेला कुणा वारकऱ्याचा अर्धा कोपर आला होता, तोही जसाच्या तसा रंगवलेला. चित्रकाराला विचारलं, तर म्हणाले, "पिंटरेस्टवर मिळाला. आणि वारी काय तुमच्या मालकीची आहे? हवं तर कॅटलॉगमध्ये नाव टाकतो."

वारी माझी नाहीच. हक्क विषयावर नसतो, मांडणीवर असतो. घाटात उभं राहून कुणीही शंभर चित्रं काढावीत. पण कुठून बघायचं, कधी बटण दाबायचं, चौकट कुठे कापायची हे मी ठरवलं होतं. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा फोटोला कलाकृती मानतो आणि त्याची नक्कल करायचा हक्क, मग ती कॅनव्हासवर का असेना, हक्कदारालाच देतो. 'तीस टक्के बदल केला की चालतं' हे कुणीतरी उठवलेलं आहे, कायद्यात असला टक्का नाही. आणि नाव म्हणाल, तर कलम ५७ नुसार कर्ता म्हणून ओळखलं जाणं हा माझा वेगळा हक्कच आहे, मी कॉपीराइट विकला तरी उरणारा. तो मला मोबदला म्हणून कसला देता?

अमेरिकेत अँडी वॉरहॉल या नामवंत चित्रकाराने फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथ यांच्या १९८१ च्या फोटोवरून गायक प्रिन्सची चित्रं केली. त्यातलं एक वॉरहॉलच्या फाउंडेशनने २०१६ मध्ये १०,००० डॉलर घेऊन मासिकाला वापरायला दिलं, गोल्डस्मिथना छदामही नाही. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. कायदा तिथला, पण वॉरहॉलचंही चाललं नाही, हे प्रदर्शनवाल्यांनी लक्षात ठेवावं.

"तुमच्याच फोटोची प्रसिद्धी झाली" हेही मला ऐकवलं गेलं. प्रसिद्धी हवी की नको, हे मी ठरवेन. त्यांनी आधी एक मेसेज टाकला असता तर मी पैसेही न घेता हो म्हटलं असतं.

घरी हात बसावा म्हणून खुशाल काढा, तिथे कुणी अडवत नाही. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं आता खुली आहेत. हक्क कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो, हा हिशेब फोटोलाही लागतो. लग्नाचे वगैरे पैसे देऊन काढून घेतलेले फोटो मात्र, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचे. तिथे परवानगी त्या घरच्यांकडे मागायची.