'नाही'ची वही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातले फोटोही पाहिले. वाचन प्रेरणा दिनाचा फलक, कलामांच्या तसबिरीला हार, टेबलांवर मांडलेली पुस्तकं, प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन. तू लिहिलं आहेस, की १५ ऑक्टोबरला हॉल भरला होता आणि १६ तारखेला वाचनकक्षात तीनच मुलं होती, तीही स्पर्धा परीक्षेची स्वतःची गाइडं घेऊन बसलेली. आणि शेवटी विचारलं आहेस, "मॅडम, ही मुलं वाचतच नाहीत. यांना आणायचं तरी कसं?"

त्यातलं पहिलं वाक्य खोडून टाक. तालुक्याच्या कॉलेजातल्या ग्रंथालयात माझी ३१ वर्षं गेली. न येणाऱ्या मुलाला वाचायचंच नसतं, असं मला फार क्वचित आढळलं. त्याच्या न येण्यामागे बहुतेक वेळा एखादं साधंच कारण असतं. ते त्याला सांगता येत नाही आणि आपण विचारायला जात नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घरी पुस्तक नेणाऱ्यांची संख्या इतकी कमी होती, की ग्रंथालय समितीच्या बैठकीत मान वर करून बसणं अवघड व्हायचं. एके दिवशी दुपारी एसटी स्टँडवर गेले, तर आमच्याच कॉलेजच्या मुली फलाटावर बसलेल्या. त्यांच्यात जाऊन बसले. बोलता बोलता कळलं, की शेवटचा तास बाराला सुटतो आणि त्यांच्या गावाची गाडी सव्वाबाराची. ती चुकली की थेट चारची. आमची देवघेवीची वेळ होती अकरा ते दोन. म्हणजे तास चालू असताना काउंटर उघडं, आणि तास सुटले की मुली स्टँडकडे धावत सुटायच्या. ही वेळ कुणी ठरवली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. आम्ही देवघेव सकाळी सातला सुरू केली. आमचे परिचर लवकर यायला तयार झाले, त्यांना दुपारी लवकर सोडायचं ठरलं. दुसरं काहीही बदललं नाही, तरी महिनाभरात पहिल्या तासाआधी काउंटरपुढे रांग दिसायला लागली.

तेव्हा आधी तासांचं वेळापत्रक आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघ. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रं तुझ्याकडून बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, पाठ करून घेतली असतील. 'पुस्तकं वापरासाठी आहेत' या पहिल्या सूत्राखाली त्यांनी १९३१च्या 'फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स' या ग्रंथात ग्रंथालयाची जागा, उघडं राहण्याची वेळ, फर्निचर आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांवर सविस्तर लिहिलं आहे. परीक्षेसाठी आपण सूत्र पाठ करतो आणि ही पानं उलटून पुढे जातो. ती पानं आता पुन्हा वाच.

दुसरी अडचण खुद्द काउंटरच. एफ.वाय.ची मुलगी येते, आपण तिच्या हातात मागणी चिठ्ठी देतो आणि पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) लिहायला सांगतो. घरात पाठ्यपुस्तकांपलीकडे पुस्तक न पाहिलेल्या मुलीनं काय लिहायचं? कपाटात काय आहे तेच तिला ठाऊक नाही. ती "नंतर येते" म्हणते आणि पुन्हा येत नाही. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे: कपाटं उघडी करणं, मुलांना आत फिरू देणं, पुस्तक हातात घेऊन परत ठेवू देणं. सगळी एकदम उघडू नकोस. मी ८९१.४६ या वर्गांकाच्या कपाटापासून, म्हणजे मराठी साहित्यापासून सुरुवात केली, कारण तिथे हात आपोआप जातो.

पुस्तकं हरवतील या भीतीनं तुला विरोध होईल. ती भीती खरी आहे, कारण गहाळ पुस्तकांची वसुली ग्रंथपालाच्या पगारातून करायची भाषा होते आणि तू तर अजून कायमसुद्धा नाहीस. म्हणून हे एकटीच्या जबाबदारीवर करू नकोस. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला २१५वा नियम काढून समितीपुढे ठेव. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानावं, असं तो सांगतो, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावीच लागते. हा नियम तुमच्या संस्थेला जसाच्या तसा बांधील नसेल, पण समितीला ठराव करायला भक्कम आधार मिळतो. ठराव इतिवृत्तात नोंदवून घे, आणि मगच कुलपं काढ.

आता दंडाबद्दल. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. एक मुलगा पहिल्या वर्षी कवितांचं पुस्तक घेऊन गेला आणि पुढे दोन वर्षं फिरकला नाही. आम्ही त्याचं नाव थकबाकीच्या यादीत लावलं होतं, नोटीस बोर्डावर, सगळ्यांना दिसेल असं. तिसऱ्या वर्षी नो ड्यूजसाठी, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी, आला तेव्हा पुस्तक पाठीमागे धरून दारातच उभा राहिला. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं होतं. त्यातल्या निम्म्याअधिक कविता त्याला पाठ होत्या. दंडाचे पैसे जमत नव्हते, म्हणून वाचनकक्षाच्या दारावरून जायचंही तो टाळत होता. इतका जीव लावून वाचणारा मुलगा आमच्या चार पैशांच्या नियमानं दोन वर्षं बाहेर उभा राहिला. त्या वर्षीपासून मी नोटीस बोर्डावर नावं लावणं बंद केलं. दर जानेवारीत दंडमाफीचा एक आठवडा सुरू केला आणि दाराबाहेर पेटी ठेवली: पुस्तक टाका, कुणी काही विचारणार नाही. तुझ्याकडेही अशी पेटी ठेव. जी पुस्तकं परत येतील ती महत्त्वाची आहेतच, पण त्यांच्याबरोबर परत येणारी मुलं जास्त महत्त्वाची.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं, ही कल्पनाही जुनीच आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं. तेव्हा पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरायच्या. मी तेच पत्र्याच्या ट्रंकेनं केलं. एनएसएसचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर असतं ना, त्या मुलांबरोबर पन्नास पुस्तकं पाठवली. दिवसभर श्रमदान, रात्री शाळेच्या वर्गात मुक्काम आणि मोबाइलला रेंज नाही. ट्रंक परत आली तेव्हा पानांवर मातीचे आणि पिठल्याचे डाग होते. ते मी पुसले नाहीत. रजिस्टर ट्रंकेतच ठेव आणि एका स्वयंसेवकाला त्या आठवड्याचा ग्रंथपाल कर.

कार्यक्रम मुळीच करू नकोस, असं मी म्हणत नाही. मात्र त्यात मुलांच्या हाताला काम हवं. जुन्या वर्तमानपत्रात पुस्तक गुंडाळून वर फक्त तीन ओळींची ओळख लिहायची, हा खेळ तू पाहिला असशील. तो चालतो, पण त्या ओळी मुलांनीच लिहायला हव्यात. आमच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "आजीशी भांडण झालं असेल तर घे." ते पुस्तक पहिल्या दहा मिनिटांत गेलं. डेन्मार्कमध्ये २००० साली 'मानवी ग्रंथालय' सुरू झालं, तिथे पुस्तकाऐवजी माणूस वाचायला मिळतो, समोर बसून, प्रश्न विचारून. आम्ही एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक आशा सेविका आणि पोलीस भरतीत दोनदा हुकून तिसऱ्यांदा लागलेली आमचीच माजी विद्यार्थिनी, अशा तिघांना बोलावलं. एका वेळी चार मुलं, वीस मिनिटं. माइक, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ यांतलं काही ठेवलं नाही. ते ठेवलं असतं तर मुलं पुन्हा श्रोते झाली असती.

एन-लिस्टचे, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या योजनेचे, पासवर्ड तुझ्याकडेही वाटायचे राहिले असतील. नुसते वाटून उपयोग नाही. एखाद्या प्राध्यापकांकडून दहा मिनिटं माग, वर्गात जा आणि मुलांना मोबाइलवर शोधगंगा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचं संकेतस्थळ, उघडायला सांग. त्याला लॉगिन लागत नाही. आपल्या तालुक्याचं, आपल्या नदीचं किंवा पिकाचं नाव टाकू दे. आपल्या मुलखावर कुणीतरी पीएच.डी. केली आहे हे दिसलं, की मागच्या बाकावरची मुलंही मान पुढे काढतात.

आणि ती गाइडं घेऊन बसलेली तीन मुलं. त्यांच्यावर नाराज होऊ नकोस. तुझ्या छताखाली रोज पाच तास बसणारी तीच आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे त्यांना आता पानंच्या पानं स्वतःच्या भाषेत लिहायची आहेत. त्यांच्या टेबलावर निबंधांची आणि चरित्रांची दोन-चार पुस्तकं न बोलता ठेवून दे. आठवड्यानं बघ, कुठल्या पुस्तकात खुणेला कागद दिसतो ते.

शेवटचं एक काम, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. काउंटरवर एक वही ठेव. तू किंवा परिचर कुणालाही "नाही" म्हणालात, की तारीख घालून ते त्यात लिहायचं. पुस्तक नाही, जागा नाही, परवानगी नाही, जे असेल ते. माझ्या पहिल्या महिन्याच्या नोंदी मला अजून आठवतात: शेळीपालन. भरतीचं गणित. इंग्रजी बोलायला शिकवणारं पण मराठीतून समजावणारं पुस्तक. मुलींसाठी वेगळं टेबल. पावसाळ्यात ओली छत्री ठेवायला जागा. पुढच्या वर्षीची खरेदीची यादी मी प्रकाशकांच्या कॅटलॉगमधून केली नाही, या वहीतून केली. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही तुला ठेवावीच लागेल, ती नीट ठेव. पण ती फक्त आलेल्यांची मोजणी करते.

दिवाळीची सुट्टी संपली की शंभरपानी वही आण आणि सकाळी सातला काउंटरवर ठेव. पहिलं पान भरलं की फोटो काढून मला पाठव. शेळीपालनाची दोन चांगली पुस्तकं माझ्या घरी आहेत. कुणी मागितली तर कळव, त्याच दिवशी कुरिअर करते.

तुझी,
मॅडम