सायटेशन नंतर मोज, आधी ब्लँक बघ
भावा, पीएचडीला लागून चार महिने झाले न्हाईत आणि तू रोज सायटेशन, म्हणजे तुझ्या पेपरांचा दुसऱ्यांनी किती उल्लेख केला ते, मोजायला गूगल स्कॉलर उघडून बसतोस व्हय? एच-इंडेक्स २००५ साली हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं काढला, तो १० म्हणजे तुझ्या १० पेपरांना प्रत्येकी निदान १० सायटेशन, आणि तो सहसा खाली येत न्हाई, त्यामुळं जुना माणूस पुढंच दिसणार. ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख नंबर, मात्र आजच काढ, १६ आकडी, फुकट हाय, आपल्याकडं पाटीलच इतके की कुणाचा पेपर कुणाच्या नावावर चढंल सांगता येत न्हाई (माझ्या प्रोफाइलवर एकदा म्हशीच्या दुधावरचा आलता, बरा होता पण).

अॅनालिटिकल केमिस्ट्रीत मोजायची पद्धत दुसऱ्याच्या लॅबमध्ये चालली तरच लोक सायटेशन देतात. गुळाचा रंग उजळायला घालतात ते सल्फाइट मोजतोयस न्हवं, मग नुसत्या स्टँडर्डवर (सल्फाइट किती ते माहीत असलेल्या साध्या द्रावणावर) सरळ रेघ आली म्हणून खूश होऊ नको, त्या तांबूस गुळाच्या पाण्यात ठरलेलं सल्फाइट घालून परत किती मिळतंय ते बघ. ब्लँक, म्हणजे सल्फाइट न घातलेला नमुना, रोज मोज. एलओडी, म्हणजे पद्धतीला ओळखता येईल असं कमीत कमी प्रमाण, ३.३ सिग्मा (ब्लँकच्या रीडिंगचं स्टँडर्ड डेव्हिएशन) भागिले स्लोप (त्या सरळ रेघेचा चढ). माझा पहिला पेपर ब्लँकची रीडिंग न्हाईत म्हणून परत आलता, लई राग आलता, पण पेपर तपासणारा रिव्ह्यूअर बरोबर होता. आणि पैसे भरा, आठवड्यात छापतो असा मेल आला की सरळ डिलीट मार.