२०१३ सालची न मिटलेली अटक आणि पुन्हा अमेरिकेचा व्हिसा

स. न. वि. वि.

तुमचे पत्र माझ्या मामेभावाने पाठवले. माझ्या समजुतीत काही राहून गेले असल्यास कळावे, म्हणून त्यातला मजकूर आधी थोडक्यात लिहितो. २०१३ साली कंपनीच्या कामासाठी तुम्ही सहा महिने न्यू जर्सीत होता. परतीच्या सुमारास एका दुकानातून जॅकेट आणि सेंटची बाटली पैसे न देता बाहेर नेल्याच्या आरोपावरून पोलिसांनी तुम्हाला ठाण्यावर नेले, दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतले, हातात समन्स दिले आणि सोडून दिले. कोर्टाची तारीख तुमच्या विमानानंतरची होती, त्यामुळे तुम्ही हजर न राहता नाशिकला परतलात. आता कंपनी तुम्हाला एल-वन व्हिसावर (कंपनीच्याच अमेरिकेतल्या शाखेत बदली होणाऱ्यांचा व्हिसा), पत्नी आणि मुलीसह, पुन्हा पाठवू इच्छिते. इतक्या वर्षांनी हे कोणाला कळेल का, पासपोर्ट नवा आहे त्याचा उपयोग होईल का, आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिले तर काय होईल, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी मूळचा गंगापूर रोडचा. एकोणीस वर्षे न्यू जर्सीत आहे, पण वकील नाही. खाली लिहितो ते वकिलाकडे कोणते प्रश्न घेऊन जायचे एवढे ठरवण्यापुरतेच धरावे.

कळेल का, याचे उत्तर ‘हो’ असेच धरून चाला. अटकेच्या वेळी घेतलेले ठसे स्थानिक ठाण्यात पडून राहत नाहीत; ते राज्याच्या आणि तिथून एफबीआयच्या संग्रहात जातात. व्हिसासाठी मुंबईत मुलाखतीआधी तुमच्या दहा बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते याच संग्रहांशी ताडून पाहिले जातात. पासपोर्टचा क्रमांक बदलला तरी बोटे तीच राहतात. नाशिकचे पोलीस प्रमाणपत्र स्वच्छ आहे असेही तुम्ही लिहिले आहे. ते असणारच, कारण त्यात भारतातलीच नोंद पाहिली जाते.

‘एक तप लोटले, आता मुदत संपली असेल’ हा तुमच्या मित्रांचा तर्क आपल्याकडे फार ऐकू येतो. (बारा वर्षांनी काय काय परत येते, हे सिंहस्थाच्या गावी राहणाऱ्याला मी सांगायला नको.) कायद्यातली मुदत ही आरोप दाखल करण्यासाठी असते. तुमच्यावरचा आरोप २०१३ सालीच दाखल झाला आहे, म्हणून ते प्रकरण आपोआप विरत नाही. तारखेला न गेल्यामुळे न्यायाधीशांनी बहुधा वॉरंट काढले असेल, आणि अशा वॉरंटला सहसा शेवटची तारीख नसते. २०१९ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने पावणेआठ लाखांहून अधिक जुनी प्रकरणे एकदम रद्द केली, हे कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते खरे आहे. पण ती २००३ पूर्वीची, पार्किंग आणि किरकोळ वाहतुकीसारखी प्रकरणे होती. तुमच्या प्रकरणाला तो आदेश लागत नाही. उलट बाजूने हेही सांगतो, की एवढ्या कारणासाठी तुम्हाला नाशिकहून उचलून नेण्याची खटपट कोणी करणार नाही. अडचण तुम्ही त्यांच्या दारात जाल तेव्हा सुरू होईल.

आता फॉर्मविषयी. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जातला प्रश्न ‘शिक्षा झाली आहे का’ एवढाच नाही. कधीही अटक झाली आहे का किंवा दोषी ठरला आहात का, नंतर माफी मिळाली असली तरी सांगा, असा तो आहे. तुमचे खरे उत्तर ‘हो’ आहे. या ‘हो’ने मुलाखत लांबेल, कागद मागवले जातील, काही महिनेही जातील, पण केवळ अटकेमुळे कोणी कायमचा अपात्र ठरत नाही. ‘नाही’ लिहिलेत आणि ठशांवरून अटक समोर आली, तर महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केला असा ठपका येतो, आणि ती अपात्रता जन्मभराची असते. तिच्यातून सूट मागता येते, पण ती अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असते. दोनशे डॉलरच्या मालापायी हा सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हे ‘दोनशे’च तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. मालाची किंमत ‘साधारण दोनशे डॉलर’ होती, असे तुम्ही ओघात लिहून गेलात; इथे मात्र त्या ‘साधारण’वर सगळे अडले आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात दुकानातून उचललेला माल दोनशे डॉलरपेक्षा कमी किमतीचा असेल, तर तो किरकोळ प्रतीचा गुन्हा ठरतो. त्याची कमाल शिक्षा सहा महिने कैद असते आणि तो गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो. किंमत दोनशे किंवा त्याहून वर, पाचशेपर्यंत असेल, तर तो चौथ्या श्रेणीचा गुन्हा होतो आणि कमाल शिक्षा अठरा महिन्यांवर जाते. इमिग्रेशनचा कायदा चोरीला नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत मोजतो आणि अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला प्रवेश नाकारतो. त्याला एक अपवाद आहे. आयुष्यात असा एकच गुन्हा असावा, त्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष दिलेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी, म्हणजे तो गुन्हा आड येत नाही. १९६ डॉलरचा माल या अपवादात बसतो, २०४ डॉलरचा बसत नाही. किंमत धरायची ती दुकानाने लावलेली किंवा जाहीर केलेली. म्हणून तक्रारीत नेमका कोणता आकडा लिहिला आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नका.

प्रकरण मिटवायचे ते फॉर्म भरण्याआधी, आणि नाशिकमध्ये बसून. त्या गावच्या कोर्टात नेहमी उभा राहणारा फौजदारी वकील धरा, आणि इमिग्रेशनचा वकील वेगळा घ्या. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, कारण एकाला जे सोपे वाटते ते दुसऱ्याच्या दृष्टीने घातक असू शकते. उदाहरणार्थ, गुन्हा कबूल करा, वर्षभर नीट वागा, मग प्रकरण रद्द होईल, अशी सवलत पहिल्यांदा चुकलेल्याला मिळते. राज्याच्या दृष्टीने पुढे काही उरत नाही. पण कबुली आणि तिच्यासोबत घातलेले कसलेही बंधन एवढ्यावर इमिग्रेशनचा कायदा तुम्हाला दोषी धरतो. गुन्ह्याचे घटक नीट मान्य केल्याची नुसती कबुलीही पुरते, म्हणून मुलाखतीत काय आणि किती सांगायचे हेसुद्धा वकिलाशी आधी बोलून घ्या. खोटे मात्र बोलायचे नाही. तुमच्या वकिलाने आधी वॉरंट मागे घेण्याचा अर्ज करावा, आणि मग आरोप मागे घेतला जाईल किंवा चोरीचा घटक नसलेल्या साध्या नियमभंगावर आणला जाईल, यासाठी सरकारी वकिलाशी बोलावे. इतक्या वर्षांनी दुकानाचा साक्षीदार सापडणे कठीण असते, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. साथीच्या काळापासून इथली म्युनिसिपल कोर्टे व्हिडिओवरही चालतात, त्यामुळे तुम्हाला घरूनच हजर राहता येईल का, हे वकिलाने विचारावे.

याच काळात एफबीआयकडून स्वतःचा नोंदीचा उतारा मागवा. शाईने घेतलेल्या ठशांचे कार्ड टपालाने पाठवायचे असते आणि फी अठरा डॉलर आहे. मुलाखतीतल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर काय दिसेल, याचा अंदाज त्यावरून येतो. निकाल लागला की कोर्टाकडून सही-शिक्क्याच्या तीन-चार नकला घेऊन ठेवा. नोंद पुसून टाकण्याची घाई करू नका. पुसलेली नोंदही फॉर्मवर सांगावीच लागते, आणि मग दाखवायला कागद उरत नाही.

त्या नकलेची किंमत मला अनुभवाने कळली. २०११ साली मी घर बदलले, वाहतुकीच्या एका दंडाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, आणि चौकात गाडी थांबवल्यावर माझ्या नावाचे वॉरंट असल्याचे मला पहिल्यांदा समजले. महिन्याभरात दंड भरून ते मिटले. दोन वर्षांनी वडिलांचे वर्षश्राद्ध उरकून नाशिकहून परतताना नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट एका फोल्डरमध्ये घातला आणि मला आतल्या खोलीत पाठवले. तिथे फोनला हात लावायची परवानगी नव्हती. शेजारी एक आजी लोणच्याच्या बरणीवर हात ठेवून बसल्या होत्या. चाळीस मिनिटांनी नाव पुकारले गेले. मी नक्कल पुढे केली. अधिकाऱ्याने कोर्टाच्या उठावदार शिक्क्यावरून अंगठा फिरवला, दोन ओळी वाचल्या आणि मला जाऊ दिले. कागद नसता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करत नाही.

तुमचे प्रकरण माझ्यापेक्षा नाजूक आहे, कारण त्यात चोरीचा आरोप आहे. व्हिसा हाती असला तरी प्रवेशाचा निर्णय विमानतळावरचा अधिकारी घेतो. शिवाय २०२५ च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने, काही ठरावीक कारणांनी प्रवेशास अपात्र ठरलेल्या परदेशी माणसावर चोरी किंवा दुकानातील चोरीचा आरोप असेल, तर दोषी ठरला नसला तरी त्याला कोठडीत ठेवणे सक्तीचे केले आहे. कागदपत्र खोटे किंवा अपुरे असणे हे त्या कारणांपैकी एक आहे. पत्नी आणि मुलगी शेजारी उभ्या असताना हा प्रसंग येऊ नये, म्हणून उघडे प्रकरण घेऊन विमानात बसू नका. त्या दोघींना आपापल्या फॉर्मवर तुमची अटक लिहावी लागत नाही, पण त्यांचा व्हिसा तुमच्या व्हिसावर टेकलेला आहे.

कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला तारीख पुढे ढकलायला आताच सांगा. कारण वकिलाशी बोलून ठरवा. आणि या रविवारी घरचा माळा उतरवून २०१३ सालची बॅग शोधा. समन्सचा तो कागद तिच्यात असेल, तर त्याच्यावर वरच्या बाजूला तक्रारीचा क्रमांक आहे. त्यात ‘एस’ अक्षर असेल तर ते समन्सचे प्रकरण, ‘डब्ल्यू’ असेल तर वॉरंटचे. तो क्रमांक, गावाचे नाव आणि तक्रारीत लिहिलेली मालाची किंमत एवढे कळवा, म्हणजे वकिलाने काय विचारावे हे मी नीट लिहून पाठवीन.