“देव चांगला आहे” म्हणायला जीभ उचलत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मांडीवर बायबल, आत खूण म्हणून दवाखान्याची जुनी चिठ्ठी. बसल्या बसल्या म्हणाल्या, “ताई, उपासनेला जायचं बंद केलंय मी. साक्षीच्या वेळेला सगळी माझ्याकडं बघत्यात. देव चांगला आहे, एवढंच म्हणायचं असतंय. जीभच उचलत नाही.” (साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत सगळ्यांसमोर सांगणं.)

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी यांच्या माळ्यापर्यंत चढलं होतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फुटांची, नदी तिच्या कितीतरी वर गेलेली. घरातले चौघं सुखरूप निघाले, तेव्हा बाईंनी उभं राहून साक्ष दिली होती. गेल्या वर्षी नवरा किडनीच्या आजारानं गेला. डायलिसिस, उपास, रात्रभर प्रार्थना, सगळं झालं. मातीला आलेलं कुणीतरी बोलून गेलं, “विश्वास कुठंतरी कमी पडला.”

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता संताप येतो. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं दगावली होती. ती जास्त पापी होती असं वाटतं का, असं येशूनंच विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात आहे. मग मापं काढणारे आपण कोण?

पहिल्या दिवशी मी यातलं काही बोलले नाही. झोप विचारली, जेवण विचारलं. पहाटे तीनला जाग, दिवसाकाठी अर्धी भाकरी. आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी स्तोत्र ३४ उघडलं. आठव्या वचनाखाली नवऱ्यानं निळ्या पेनानं रेघ ओढलेली: परमेश्वर चांगला आहे, अनुभव घेऊन पाहा. मूळ हिब्रूत तिथं ‘चाखून पाहा’ आहे, असं मी सांगितलं.

“चाखलं की,” बाई म्हणाल्या. “कडू लागलं.”

“मग हेच त्याला सांगा.”

त्या दचकल्या. देवाला असं बोलायचं? मी बायबलातली मार्थाची गोष्ट काढून दाखवली. भाऊ गेल्यावर ती येशूला तोंडावर म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिची बहीण मरीयाही तेच म्हणते. तो दोघींपैकी कुणालाच रागावत नाही, कबरेकडे जाताना रडतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थना म्हणूनच बायबलात आहे. आणि क्रूसावर खुद्द येशूनं ‘तू माझा त्याग का केलास’ म्हणून हाक मारली. देवाचा चांगुलपणा मला तिथंच सगळ्यात जवळून दिसतो, कारण आपल्या सर्वांत वाईट दिवसात तो स्वतः उतरलेला आहे. हे मी बाईंना सांगितलं; पटवायचा प्रयत्न केला नाही.

त्यांनी पानावर बोट खाली सरकवलं. त्याच स्तोत्रात दहा वचनं पुढे, भग्नहृदयी लोकांच्या तो जवळ असतो. “ह्याच्याखाली रेघ न्हाई ओढलेली,” म्हणाल्या. माझं पेन मागितलं. ओढली मात्र नाही, बराच वेळ नुसतं हातात धरून बसल्या.

पाचव्या बुधवारी त्या आल्याच नाहीत. काळजीनं फोन केला, तर मागं बायकांचा गलका. महिला मंडळाच्या जेवणासाठी भाकऱ्या थापत होत्या. साक्ष दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. “पीठ भिजवून ठेवलंय ताई, ठेवते,” म्हणाल्या.